फळ्या ठोकण्याआधी कुणीतरी पाहायला हवं

न्यू जर्सीत पहिलं घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच उन्हाळ्यात एक सल्ला हमखास मिळतो. मागे डेक बांधून घ्या, आणि परमिटच्या भानगडीत पडू नका. सल्ला देणारी माणसं आपलीच असतात, भलं चिंतणारी असतात, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरामागे तसाच बांधलेला डेक उभा असतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: डेक म्हणजे चार खांब आणि वर फळ्या, त्यात बांधकाम ते काय? टाउनशिपला फी हवी असते म्हणून परमिट मागतात. परमिट काढलं की घराचं मूल्यांकन वाढतं आणि त्याबरोबर कर. काम लांबतं. एवढं करून इन्स्पेक्टर पाच मिनिटं येतो आणि सही करून जातो. शिवाय कंत्राटदार स्वतःच सांगतो की गरज नाही, आमचे कितीतरी डेक असेच उभे आहेत.

हा सल्ला मी इतक्यांदा आणि इतक्या समंजस, शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे, की आता त्याला जाहीर उत्तर देणं भाग आहे. तो सल्ला धोक्याचा आहे. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण डेक कशाच्या आधारावर उभा राहतो हे त्यांनी पाहिलेलं नाही, आणि परमिट काढल्यावर नेमकं काय घडतं हेही नाही.

आधी ते 'चार खांब' बघू. घराला जोडलेल्या कुठल्याही डेकखाली एकदा वाकून पाहा. खांब दिसतील ते अंगणाकडच्या कडेला. घराकडच्या कडेला बहुतेक डेकना एकही खांब नसतो. तिथे भिंतीला एक लांब आडवी जाड फळी बसवलेली असते, तिला लेजर बोर्ड म्हणतात. फळ्यांखालच्या कड्या, म्हणजे इथले जॉइस्ट, एका टोकाला या लेजरवर टेकतात आणि दुसऱ्या टोकाला खांबांवरच्या तुळईवर. याचा सरळ अर्थ असा की निम्मा डेक घराच्या भिंतीला टांगलेला असतो.

१२ बाय १६ फुटांचा मध्यम आकाराचा डेक घ्या. क्षेत्रफळ १९२ चौरस फूट. अमेरिकेतली घरबांधणीची नमुना संहिता डेकसाठी दर चौरस फुटाला ४० पौंड इतका माणसांचा आणि सामानाचा भार धरायला सांगते. गुणाकार केला तर ७,६८० पौंड, म्हणजे जवळजवळ साडेतीन टन. लाकडाचं स्वतःचं वजन त्यात धरलेलं नाही. यातला सुमारे निम्मा भार, पावणेदोन टन, त्या एका फळीवर येतो आणि ती फळी ज्याने भिंतीला धरून ठेवली आहे त्याच्यावर येतो. तिथे खिळे आहेत की बोल्ट आहेत, किती आहेत, आणि ते भिंतीत नेमके कशात शिरले आहेत, यावर वर उभ्या असलेल्या माणसांचं सगळं काही अवलंबून आहे.

पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाच्या डोळ्याला हे दिसत नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्याला माहीत असलेली बाल्कनी सिमेंटची. तिच्यातली सळई खोलीच्या स्लॅबमधून बाहेर आलेली असते, सगळं एकत्र ओतलेलं असतं, बाल्कनी घराच्या अंगचीच असते. डेक घरानंतर येतो आणि बाहेरून जोडला जातो. दोन्ही ठिकाणी पायाखाली सपाट जमीन आणि कडेला कठडा, म्हणून आपण दोन्हींवर सारखाच विश्वास टाकतो. डेकच्या बाबतीत हा विश्वास कुणीतरी जोड पाहून मगच टाकायला हवा.

खिळ्यांचा प्रश्न इथेच येतो. आडव्या जोराला खिळा बराच टिकाव धरतो. पण त्याला सरळ बाहेर ओढलं, तर ज्या वाटेने तो आत गेला त्याच वाटेने सुटून येतो. डेकवरची माणसं हलतात, अंगणाकडच्या कठड्याशी गोळा होतात, तेव्हा लेजरला बाहेरच्या दिशेने ओढ बसते. म्हणून संहितेत स्पष्ट म्हटलं आहे की उपटले जाण्याच्या दिशेने ताण घेणाऱ्या खिळ्यांवर हा जोड सोपवता येणार नाही. अर्धा इंच जाडीचे बोल्ट किंवा लॅग स्क्रू हवेत, वॉशरसकट, एक वर एक खाली असे आलटूनपालटून. किती अंतरावर, ते कडीच्या लांबीवरून ठरतं आणि त्याचं तयार कोष्टक आहे. अमेरिकन वूड कौन्सिलची घरगुती डेकबांधणीची मार्गदर्शिका कुणालाही फुकट वाचता येते. हे सगळं गुप्त ज्ञान नाही. तरीही खिळ्यांवर टांगलेले डेक आजही आपल्या मंडळींच्या घरांमागे आहेत, कारण खिळा बंदुकीने एका क्षणात बसतो आणि बोल्टसाठी भोक पाडावं लागतं, आतल्या बाजूने नट आवळावा लागतो.

या जोडाला दुसरा शत्रू आहे पाणी, आणि इथे आणखी एक लोकप्रिय युक्तिवाद पुढे येतो: लाकूड प्रेशर ट्रीटेड आहे, ते कुजत नाही. डेकचं लाकूड प्रक्रिया केलेलं असतं हे खरं. पण लेजर ज्याला जोडलेला असतो ती घराची कडेची तुळई, रिम जॉइस्ट, साध्या लाकडाची असते. तिच्यावर कसलीही प्रक्रिया नसते, कारण घर बांधणाऱ्याने ती सायडिंगच्या, म्हणजे भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणाच्या, आत, कोरड्या जागेत राहील असं धरलेलं असतं. आपण सायडिंग कापून तिथे लेजर लावला की पावसाचं आणि वितळणाऱ्या बर्फाचं पाणी लेजर आणि भिंत यांच्या फटीत शिरतं आणि तिथेच राहतं. ते अडवायला फ्लॅशिंग लागतं, म्हणजे सायडिंगच्या आतून निघून लेजरच्या डोक्यावरून खाली वळणारी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी. ती नसली, किंवा असून उलटी खोचली असली, तर काही वर्षांत बाहेरचा डेक ठणठणीत दिसतो आणि त्याला धरणारं घराचं लाकूड आतून भुसभुशीत झालेलं असतं. बोल्ट जागेवरच असतात. ते ज्यात रुतलेले असतात ते उरलेलं नसतं.

प्रक्रियेच्या रसायनाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण जुन्या अनुभवावर काम करणारे कंत्राटदार ती विसरतात. २००३ सालाच्या अखेरपर्यंत घरगुती लाकडासाठी आर्सेनिक असलेलं रसायन सर्रास वापरलं जाई. ते उत्पादकांनी मागे घेतलं आणि त्याजागी तांब्याचं प्रमाण जास्त असलेली रसायनं आली. माणसांसाठी ती बरी, पण साध्या लोखंडाला ती पूर्वीपेक्षा वेगाने खातात. म्हणून आता वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, स्क्रू आणि हँगर (कड्यांची टोकं धरणारे पत्र्याचे आधार) वापरावे लागतात, आणि अशा लाकडाला टेकून ॲल्युमिनियमची पट्टी चालत नाही. गॅरेजमध्ये उरलेल्या डब्यातले स्क्रू वापरणाऱ्याला हे कळणार कसं? हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही डबे शेजारीशेजारी असतात, आणि स्वस्त कुठला ते चटकन दिसतं.

काही घरांत लेजर मुळात लावूच नये. भिंतीच्या बाहेर शोभेचा विटांचा थर असेल, तर त्या विटा कसलाही भार घेण्यासाठी नसतात आणि त्यांच्यातून बोल्ट नेऊन डेक टांगणं चूक आहे. जेवणाच्या खोलीचा किंवा स्वयंपाकघराचा भाग पायाच्या बाहेर दोन फूट अधांतरी काढलेला असेल, तर तो आधीच स्वतःचा भार सांभाळत असतो, त्याला डेक लटकवायचा नसतो. न्यू जर्सीतल्या नव्या वसाहतींत असे अधांतरी भाग सर्रास दिसतात, आणि मागचं सरकतं दार बरेचदा नेमकं तिथेच असतं. अशा घराला योग्य उत्तर म्हणजे घराकडच्या बाजूलाही खांब देऊन स्वतःच्या पायांवर उभा केलेला डेक. दोन-तीन खांब आणि एक तुळई इतकाच खर्च वाढतो. माझं मत विचाराल तर ज्या घरात कसलीही शंका असेल तिथे हाच मार्ग धरावा. पण हे सांगायला कुणीतरी आराखडा पाहिला पाहिजे, आणि परमिटच्या अर्जाबरोबर आराखडा द्यावाच लागतो.

जोड सुटला की काय होतं ते लोकांच्या कल्पनेत नसतं. डेक हळूहळू कलत नाही. घराकडची कड एकदम खाली जाते, अंगणाकडची खांबांवर तशीच राहते, आणि वरची सगळी माणसं, टेबलं, खुर्च्या, शेगडी घसरत भिंतीच्या पायथ्याशी एकमेकांवर येऊन पडतात. सावध करणारा आवाज ऐकून बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

२९ जून २००३ रोजी शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका इमारतीच्या मागचा लाकडी पोर्च पार्टी चालू असताना कोसळला. वरच्या मजल्याचा पोर्च खालच्यांवर पडला. १३ तरुण मुलंमुली मेली, ५० हून अधिक जखमी झाली. तो पोर्च १९९८ मध्ये परमिटविना बांधलेला होता, परवानगीच्या मापापेक्षा मोठा होता आणि त्याचं लाकूड त्या आकाराला अपुरं होतं. 'इतकी वर्षं उभा आहे, काही झालं नाही' असं म्हणणाऱ्यांनी ही दोन सालं शेजारी ठेवून पाहावीत. पाच वर्षं तोही उभाच होता. त्या पाच वर्षांत त्यावर तितकी माणसं एकाच वेळी चढली नव्हती, एवढंच.

याला कुणी बर्कलीचं उदाहरण देऊन उत्तर देईल, आणि ते उत्तर टाळण्यात अर्थ नाही. १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे एका अपार्टमेंटची बाल्कनी वाढदिवसाच्या पार्टीत तुटली, सहा विद्यार्थी गेले, सात जखमी झाले. ती इमारत २००७ मध्ये पूर्ण झालेली, रीतसर परवानग्या घेतलेली. मग परमिटचा उपयोग काय झाला? तिथे आत शिरलेल्या पाण्याने बाल्कनीच्या कड्या कुजल्या होत्या आणि वरून काहीच दिसत नव्हतं. या घटनेवरून एकच निष्कर्ष निघतो: एकदा पाहणं पुरेसं नाही, पुन्हा पाहायला हवं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तोच काढला. २०१८ च्या कायद्याने तीन किंवा अधिक घरांच्या इमारतींमधल्या, जमिनीपासून सहा फुटांहून उंच असलेल्या लाकडी आधाराच्या बाल्कन्या आणि जिने दर सहा वर्षांनी तपासणं सक्तीचं झालं. तपासणी अपुरी पडली म्हणून ती रद्द करा, असं त्या राज्यात कुणी म्हटलं नाही. आपल्या स्वतंत्र घरांच्या डेकवर असा कायदा नाही. तिथे सरकारी डोळा पडतो तो फक्त बांधताना, आणि तोही परमिट असेल तरच.

आता त्या पाच मिनिटांबद्दल, कारण सगळ्या युक्तिवादाचं मर्म तिथे आहे. इन्स्पेक्टर थोडाच वेळ थांबतो हे खरं. पण तो कधी येतो ते बघा. पहिल्यांदा येतो तेव्हा खांबांचे खड्डे खणलेले असतात आणि काँक्रीट ओतायचं असतं. तो खड्ड्याची खोली मोजतो. इथल्या हिवाळ्यात जमीन गोठते, ओल्या मातीचा बर्फ होताना ती फुगते आणि वर बसलेल्याला उचलते. फुटिंगचा, म्हणजे खांबाखालच्या काँक्रीटच्या पायाचा, तळ त्या गोठणाऱ्या थराच्या खाली असावा लागतो, न्यू जर्सीच्या बऱ्याच भागात जमिनीखाली तीन फूट. तो खड्ड्याच्या तळाची मातीही पाहतो. घराच्या पायाला लागून असलेली माती बिल्डरने नंतर भरलेली, पोकळ असू शकते, तिच्यावर खांब टेकवला तर तो खचतो. काँक्रीट ओतल्यावर यातलं काहीही कुणालाही दिसणार नाही. तुम्हाला नाही, घर विकत घेणाऱ्याला नाही, उद्या भांडण झालं तर न्यायालयालाही नाही. पुढच्या तपासणीत सांगाडा पाहिला जातो: लेजरचे बोल्ट, फ्लॅशिंग, हँगर, तुळई खांबाच्या डोक्यावर बसली आहे की बाजूला नुसत्या बोल्टवर लटकली आहे. जमिनीलगतच्या डेकच्या बाबतीत हे फळ्या ठोकण्याआधीच बघावं लागतं, कारण नंतर खाली शिरायला जागाच उरत नाही. शेवटची फेरी कठडा आणि जिन्यासाठी.

जे नंतर कायमचं झाकलं जाणार ते झाकण्याआधी, ज्याला कंत्राटदाराकडून एक पैसाही मिळत नाही अशा माणसाने पाहणं, हे परमिट आहे. बाकी कागद आहेत.

आणि इथे आपल्या मनातली एक जुनी गाठ मोकळी करायला हवी. आपण जिथून आलो तिथे परवानगी म्हणजे खेटे, चिरीमिरी, 'साहेब जागेवर नाहीत'. तो अनुभव खोटा नाही, आणि तो इथे बरोबर येणं स्वाभाविक आहे. पण त्याच अनुभवाने आपल्याला दुसरी गोष्टही शिकवली आहे. पुण्यात फ्लॅट घेताना आपण बिल्डरला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाली का हे चारचारदा विचारतो, वकिलाकडून कागद तपासून घेतो, ओसी नसेल तर बँक काय म्हणेल याची काळजी करतो. तीच माणसं इथे स्वतःच्या घरामागे, स्वतःच्या मुलांच्या पायाखाली, कागदाशिवाय आणि तपासणीशिवाय बांधकाम करून घेतात. दोन्हीकडे धोका सारखाच आहे, मग सावधगिरी एकीकडेच का?

फी आणि उशिराचं म्हणाल, तर अर्जावर निर्णय द्यायला न्यू जर्सीच्या नियमांनी टाउनशिपला कामाचे २० दिवस दिलेले आहेत. मार्चमध्ये अर्ज केला तर उन्हाळा हातचा जात नाही. झोनिंगची परवानगी वेगळी लागते, शेजाऱ्याच्या हद्दीपासूनचं अंतर, जागेच्या सर्व्हेची प्रत, हे कंटाळवाणं आहे हे मला मान्य. कराचा मुद्दाही खरा आहे, डेकमुळे मूल्यांकन काहीसं वाढू शकतं. पण घराची किंमत वाढावी म्हणून डेक बांधायचा आणि ती वाढली हे टाउनशिपला कळू नये म्हणून तो लपवायचा, हे दोन्ही एकदम करता येत नाही. घर विकायची वेळ आली की खरेदीदाराचा तपासनीस डेकखाली शिरतो, त्याचा वकील परमिट मागतो, आणि तेव्हा फळ्या उचकटून, खांबाशेजारी खणून सगळं दाखवायची पाळी येते.

'परमिट काढलं की स्वतः करता येत नाही, महागडा इंजिनियर लागतो' हेही ऐकू येतं, आणि ते साफ खोटं आहे. स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घराचा आराखडा मालकाने स्वतः काढायला न्यू जर्सीचे नियम मुभा देतात, आणि काम स्वतः करायलाही. ज्याला हातोडा धरायची हौस आहे त्याच्या आड परमिट येत नाही. उलट हौशी माणसालाच त्या दुसऱ्या डोळ्यांची जास्त गरज असते, आणि ते त्याला फीच्या पैशात मिळतात.

राहिला कंत्राटदार. न्यू जर्सीत घरदुरुस्तीचं काम करणाऱ्याला राज्याच्या ग्राहक विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि ५०० डॉलरवरच्या कामाचा लेखी करार करावा लागतो. जो माणूस परमिट नको म्हणतो, तो बहुतेकदा करारही तोंडीच ठेवतो. 'गरज नाही' या त्याच्या शब्दांचा अर्थ इतकाच की त्याला गरज नाही. तो पुढच्या कामाला निघून जातो. टाउनशिपची नोटीस घराच्या पत्त्यावर येते, आणि डेक पडला तर पाहुण्यांच्या घरच्यांना तोंड दाखवायचं असतं ते आपल्याला. लोकांना आपल्या घरी आपण बोलावलेलं असतं.

लोकांना बोलावणं, हाच या सगळ्यातला आपला खास मराठी भाग आहे. नवरा-बायको दोन खुर्च्या टाकून चहा पितात तेवढ्याने कुठलाच डेक कोसळत नाही. पण आपला डेक तेवढ्यासाठी नसतो. मुलाच्या ग्रॅज्युएशनला साठ माणसं येतात. कोजागिरीला आटवलेलं दूध घेऊन सगळे एकदम बाहेर येतात, कारण चंद्र बघायचा असतो, आणि चंद्र ज्या बाजूला असेल त्या एकाच बाजूच्या कठड्याला सगळे खेटतात. गणपती हलवताना घरापासून गाडीपर्यंतची मिरवणूक डेकवरूनच निघते, आणि लेझीम, टाळ, पावली तिथेच सुरू होते. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत डेक बांधून त्यावर माणसं एका तालात हलवून पाहिली, तेव्हा त्यातून निर्माण होणारा आडवा जोर वाऱ्या-भूकंपाच्या हिशेबात धरलेल्या जोराहूनही जास्त भरू शकतो असं दिसलं. एका तालात हलणं! लेझीम म्हणजे दुसरं काय? डेक घराच्या आतल्या कड्यांशी खेचून धरणारे लोखंडी हात संहितेत आले ते अशाच आडव्या जोरासाठी. दोन ठिकाणी प्रत्येकी १,५०० पौंड ओढ सहन करतील असे, किंवा चार ठिकाणी प्रत्येकी ७५० पौंडांचे. परमिटविना बांधलेल्या किती डेकना ते आहेत, हे प्रत्येकाने आपापल्या डेकखाली जाऊन पाहावं.

कठड्याबद्दलही हेच. जमिनीपासून ३० इंचांहून उंच डेकला तो सक्तीचा आहे, किमान ३६ इंच उंच, आणि दोन गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये, कारण त्याहून मोठ्या फटीत लहान मुलाचं अंग शिरतं आणि डोकं अडकतं. वरच्या कडेवर २०० पौंडांचा जोर आला तरी तो टिकायला हवा. दिसायला बरं म्हणून कठड्याचा खांब खालून अर्धा कापून कडेला चिकटवण्याची पद्धत आहे, आणि तिथेच तो फुटतो. व्हर्जिनिया टेकमधल्या अभियंत्यांनी असे जोड ओढून पाहिले आहेत, नुसत्या कडेच्या फळीला बोल्टने धरलेला खांब पुरा पडत नाही, त्याला आतल्या कडीशी बांधावं लागतं. सुतार चांगला असला तरी हे त्याला आपोआप कळत नाही. शिवाय डेकवर हॉट टबचा मोह झाला तर हिशेब पुन्हा करायला हवा. चारशे गॅलन पाणीच ३,३०० पौंडांच्या वर जातं, त्यात टब आणि माणसं धरली तर त्या जागेवर दर चौरस फुटाला शंभर पौंडांच्या आसपास भार येतो, आणि डेक चाळीसचा असतो.

हल्ली कॉम्पोझिट फळ्यांची पंचवीस-पंचवीस वर्षांची हमी दाखवून शंका मिटवली जाते. ती हमी वरच्या फळीची. खालचा सांगाडा बहुतेकदा लाकडाचाच असतो, आणि वरचा चकचकीत पृष्ठभाग जितका जास्त टिकेल तितका काळ खाली बघायची आठवण कुणाला होणार नाही.

सूट कुठे आहे तेही सांगतो, म्हणजे मी प्रत्येक फळीला परमिट लावतो असं कुणी म्हणू नये. नमुना संहिता २०० चौरस फुटांपर्यंतच्या, ३० इंचांहून कमी उंचीच्या, घराला अजिबात न जोडलेल्या आणि घराच्या मुख्य बाहेर पडण्याच्या दारापुढे नसलेल्या डेकला परमिट मागत नाही. हा विचार बरोबर आहे, असा डेक खचला तर माणूस घोट्यातून लचकेल, मरणार नाही. आपल्या गावात ही सूट आहे की नाही ते टाउनशिपला फोन करून विचारा. ज्यांना कागदाचा खरोखर तिटकारा आहे त्यांनी इतकाच डेक बांधावा, बागेच्या कोपऱ्यात, झाडाखाली. खणण्याआधी ८११ ला फोन मात्र तेव्हाही करा. गॅसची नळी कुठून गेली आहे ते येऊन फुकट खूण करून देतात.

ज्यांचा डेक परमिटविना आधीच उभा आहे, त्यांना माझी विनंती आहे. येत्या शनिवारी टॉर्च आणि एक अणकुचीदार स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली जा. लेजरला बोल्टची डोकी दिसतात की नुसत्या खिळ्यांची, ते पाहा. लेजर आणि भिंत यांच्यामध्ये फट पडली आहे का, गंजाचे ओघळ आहेत का, ते पाहा. तळघरात जाऊन आतल्या बाजूने रिम जॉइस्टमध्ये स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा, तो लोण्यात शिरावा तसा शिरला तर तिथे लाकूड उरलेलं नाही. खिळेच असतील, लाकूड मऊ लागलं असेल किंवा काही कळतच नसेल, तर परवानाधारक इंजिनियरला बोलवा आणि टाउनशिपमध्ये जाऊन मागाहून परमिट घ्या, ते मिळतं. आणि तोपर्यंत, कृपा करून, पाहुण्यांना अंगणातल्या गवतावर बसवा.